टेक्निकल की प्रेस? एका ४×५ कॅमेऱ्याच्या निवडीचं प्रकरण

ताईंनी वीस वर्षं सहा-बाय-सहा सेंमीच्या चौकोनी फिल्मवर काम केलं. हाताने काम करणारी माणसं आणि त्यांच्या कामाच्या जागा हा त्यांचा विषय. लोहार, सुतार, पुस्तकबांधणी करणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे. प्रिंट मोठ्या होत गेल्या तशी ती फिल्म त्यांना अपुरी पडू लागली. ४×५ इंची फिल्मवर प्रतिमेला साधारण ९५ × १२० मिमी जागा मिळते, म्हणजे सहा-बाय-सहाच्या साडेतीन पटींहून जास्त. एवढा हिशेब त्यांनी स्वतःच केला होता. कॅमेरा कोणता घ्यायचा हे ठरेना, म्हणून त्या माझ्याकडे आल्या, कारण माझ्याकडे बरीच वर्षं क्राउन ग्राफिक हा ४×५ चा प्रेस कॅमेरा, म्हणजे वृत्तपत्रवाल्यांसाठी बांधलेला कॅमेरा आहे.

"मला एकच कॅमेरा सांग," त्या म्हणाल्या. "हातात धरून माणूस टिपता आला पाहिजे आणि ट्रायपॉडवर इमारतही सरळ उभी राहिली पाहिजे. दोन-दोन ओझी मी वाहणार नाही."

मी तिथल्या तिथे प्रेस कॅमेरा सुचवला. तो सल्ला घाईचा होता. पुढच्या दोन महिन्यांत तो कसा बदलत गेला ते सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न घेऊन येणारे बरेच जण मीही सुरुवात केली तिथूनच सुरुवात करतात: "कॅमेऱ्यात काय काय हलतं?" ताईंच्या बाबतीत खरा प्रश्न "फ्रेम उभी की आडवी?" हा निघाला.

दोन पेट्या

ताईंपुढे पर्याय दोन: प्रेस कॅमेरा आणि टेक्निकल कॅमेरा. मिटलेले असताना हे दोन्ही सख्खी भावंडं वाटतात. एक पेटी, तिचं पुढचं दार खाली उघडतं आणि त्याचाच बेड होतो. त्या बेडवरच्या रुळांवरून लेन्सची चौकट पुढे ओढायची, मागे भाता ताणला जातो, आणि पाठीला दुधी काच, जिच्यावर प्रतिमा दिसते. बाजूला किंवा माथ्यावर रेंजफाइंडर, म्हणजे वस्तूच्या अंतरानुसार फोकस जुळवणारं साधन असतं, त्यामुळे काळ्या कापडात डोकं न घालताही फोकस करता येतो.

फरक आहे तो कोणासाठी बांधले यात. प्रेस कॅमेऱ्यांतला स्पीड ग्राफिक १९१२ साली आला आणि त्याचं उत्पादन १९७३ पर्यंत चाललं. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला लागेल तेवढंच त्यात आहे: एक लेन्स, एक फ्लॅश, तारेची चौकट असलेला व्ह्यूफाइंडर आणि फिल्मच्या शीटमागून शीट. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमावर जो रोझेन्थलने झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा फोटो टिपला तो स्पीड ग्राफिकवरच. फिल्मच्या अगदी पुढे कापडी पडद्याचं शटर, १/१००० सेकंदापर्यंत जाणारं. १९४७ साली आलेल्या क्राउन ग्राफिकमधून ते शटर काढून टाकलं, म्हणून तो हलका आणि कमी जाडीचा, साधारण दोन किलोचा. वृत्तपत्रात निगेटिव्हमधून हवा तेवढा तुकडा कापून छापायचे, त्यामुळे पाठ आडवीच ठेवली तरी कोणाचं अडत नव्हतं. हे पुढे फार महत्त्वाचं ठरणार होतं आणि माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही.

टेक्निकल कॅमेरा हा स्टुडिओतल्या लवचीक व्ह्यू कॅमेऱ्याला पेटीत बसवायचा प्रयत्न. म्युनिकच्या लिनहॉफने टेक्निका १९३० च्या दशकात आणला, आणि पुढे जपानी विस्टा, हॉर्समन, टोयो यांनी तोच मार्ग धरला. यात पाठ गोल फिरते, पुढची चौकट वर-खाली, डावी-उजवीकडे सरकते, झुकते आणि वळते. टेक्निकात मागची चौकटही चार दांड्यांवर बाहेर ओढून तिरकी करता येते. भाता तिहेरी, ४०० मिमीच्या आसपास ताणला जाणारा. याची किंमत खांद्याला मोजावी लागते: लेन्स न लावताच अडीच किलोच्या वर.

संपर्कपत्रांवरची मोजणी

एका संध्याकाळी ताईंना म्हटलं, तुमच्या जुन्या कामाच्या काँटॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाच्या प्रिंटचे कागद, घेऊन या. नव्या कॅमेऱ्याने काय कराल ते आत्ता सांगता येणार नाही, पण आजवर काय केलंत ते तिथे आहेच. दोघांनी मिळून त्यांनी स्वतः निवडलेल्या साठ फ्रेम काढल्या आणि प्रत्येकीपुढे चार खुणा केल्या: हातात की ट्रायपॉडवर, प्रिंट उभी कापली की आडवी, इमारत सरळ करायला लेन्स वर उचलावी लागली असती का, आणि जवळचं-लांबचं एकाच वेळी धारदार हवं होतं का.

चौकोनी फिल्म वापरणाऱ्याला आपण उभे बघतो की आडवे हे स्वतःला माहीत नसतं. ताईंना वाटत होतं अर्धं-अर्धं असेल. साठांपैकी एक्केचाळीस प्रिंट त्यांनी उभ्या कापल्या होत्या. कामाच्या जागा अरुंद असतात, माणूस उभा असतो, त्याच्या पुढ्यात बाक आणि मागे भिंतीला टांगलेली हत्यारं. हाच त्यांचा आवडता साचा: खाली बाक, मध्ये हात, वर चेहरा. हातात धरून टिपलेल्या फ्रेम होत्या फक्त नऊ.

त्या बराच वेळ शीट चाळत राहिल्या. "म्हणजे मी हातातलं काम करते असं मला नुसतं वाटत होतं," त्या म्हणाल्या.

सुताराच्या बाकापाशी

मोजणी कागदावरची. प्रत्यक्ष बघायला एका सुताराच्या कारखान्यात माझा क्राउन आणि एका स्नेह्याकडून आणलेला टेक्निका पाच असे दोन्ही घेऊन गेलो. विषय एकच: बाकाच्या अलीकडच्या टोकाला पडलेला रंधा आणि पलीकडे उभा सुतार, दोन्ही धारदार, फ्रेम उभी.

इथे टिल्टबद्दल, म्हणजे लेन्स झुकवण्याबद्दल, सांगितलं पाहिजे. लेन्स पुढे झुकवली की फोकसचं प्रतल आडवं होऊ लागतं आणि बाकाच्या लांबीवर पसरतं. किती झुकवायची याचं गणित सोपं आहे: लेन्सची फोकल लांबी भागिले लेन्सपासून बाकापर्यंतची उंची, आणि जो आकडा येईल तो ज्या कोनाचा साइन तेवढं झुकवायचं. १५० मिमीची लेन्स बाकापासून ६० सेंमी उंच असेल तर साडेचौदा अंश. मीटरभर उंच असेल तर साडेआठ.

क्राउनची पुढची चौकट मागे झुकते, पुढे झुकत नाही. पण प्रेस कॅमेरा वापरणारे एक जुनी युक्ती करतात. बेड आणखी खाली पाडायचा. तो साधारण १५ अंश उतरतो आणि त्याच्याबरोबर लेन्सही तेवढीच पुढे झुकते. एवढं झुकणं नको असेल तर चौकट थोडी मागे झुकवून हवा तो कोन उरवायचा. बेड पाडल्यावर लेन्स बरीच खाली येते, म्हणून तिला राइज देऊन, म्हणजे वर उचलून, परत मधोमध आणायचं. त्यात जवळपास सगळा राइज खर्ची पडतो, पण बाक धारदार होतो. आडव्या फ्रेममध्ये मी ताईंना हे करून दाखवलं. दुधी काचेवर रंध्याच्या पात्यापासून मागच्या करवतीपर्यंत सगळं एकदम उजळून आलं तेव्हा काळ्या कापडातून त्यांचा "अगं बाई!" बाहेर ऐकू आला.

मग त्या म्हणाल्या, "आता उभं कर."

क्राउनची पाठ फिरत नाही. उभ्या फ्रेमसाठी अख्खा कॅमेरा कुशीवर घालायचा, त्यासाठी पेटीच्या बाजूला ट्रायपॉडचं वेगळं भोक दिलेलं आहे. कुशीवर घातला, बेड पाडला, आणि काय होतंय ते दोघांच्याही लक्षात आलं. बेड आता खाली पडत नव्हता, बाजूला पडत होता. लेन्स पुढे झुकण्याऐवजी कडेला वळत होती. बाकासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता. राइजची डावी-उजवी सरक झाली होती, आणि मूळची सरक, जी क्राउनमध्ये बेताचीच आहे, ती राइजच्या जागी आली होती. ताईंचा आवडता साचा, उभी फ्रेम आणि खाली बाक, नेमका तोच या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होता.

पुढची चौकट उलटी फिरवून बसवण्याचा उपाय काही जण करतात. मग ती मागे झुकायची ती पुढे झुकते, आणि तेही कॅमेरा आडवा असतानाच. कुशीवर पुन्हा तेच रडगाणं. आडवी फ्रेम घेऊन मधला उभा तुकडा कापायचा, हे मी सुचवून पाहिलं. ९५ मिमी उंचीत ७६ मिमी रुंदीचा तुकडा निघतो, तोही सहा-बाय-सहाच्या दुपटीहून मोठा. वृत्तपत्रवाले तेच तर करायचे. ताईंनी मान हलवली. काचेवर जी चौकट दिसते तीच प्रिंटमध्ये हवी, म्हणून तर त्या मोठ्या फिल्मकडे वळल्या होत्या. मला हे पटलं.

टेक्निकावर हेच काम असं झालं: पाठ फिरवली, उभी केली. कॅमेरा जागचा हलला नाही. पुढची चौकट नऊ-दहा अंश झुकवली, लूप (भिंग) काचेला लावून रंधा पाहिला, मग सुताराची बोटं पाहिली, फोकस किंचित मागे घेतला, ॲपर्चर एफ २२ वर बंद केलं. चार मिनिटं. सुतार तोवर आपलं काम करत राहिला.

इमारतीचं गणित

इमारतींच्या फ्रेम साठांत अकराच होत्या, पण ताईंना त्यांची काळजी जास्त होती. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २४ मीटर उंच इमारत, कॅमेरा दीड मीटरवर, अंतर ३० मीटर. कॅमेरा समपातळीत ठेवला तर १५० मिमीच्या लेन्सने माथा अक्षापासून ११२ मिमीवर पडतो. उभ्या फ्रेमची अर्धी उंची ६० मिमी, म्हणजे बावन्न मिमी राइज हवा. चांगल्या १५० मिमी लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे ती ज्या गोलात प्रतिमा पाडते तो, २१० मिमीचं असतं, त्यात उभ्या फ्रेमला ३३ मिमीपर्यंतच राइज मिळतो. दहा मीटर मागे सरकलं की गरज २४ मिमीवर येते आणि काम होतं. मागे सरकायला जागा नसेल तर ९० मिमीची लेन्स, मग जेमतेम आठ मिमी राइज पुरतो.

म्हणजे इमारतींसाठी कॅमेऱ्याइतकीच लेन्सही निर्णायक. प्रेस कॅमेऱ्यांवर येणाऱ्या १२७ किंवा १३५ मिमीच्या चार काचांच्या लेन्स ४×५ ची फ्रेम जेमतेम झाकतात. फ्रेमचा कर्णच १५३ मिमी. अशी लेन्स सर्वांत लवचीक कॅमेऱ्यावर चढवली तरी राइज दिला की कोपरे काळे.

टेक्निकल कॅमेऱ्यातही एक अडचण आहे. ९० मिमीची लेन्स पेटीच्या तोंडाशीच बसते आणि वर उचलली की पेटीच्या छताला अडते. १९७२ च्या मास्टर टेक्निकात छताला उघडणारं झाकण दिलं ते यासाठीच.

लोहाराकडे

इथवर सगळं टेक्निकलच्या बाजूने झुकलं होतं. तरी ताई एकदा लोहाराकडे क्राउन हातात घेऊन गेल्या, कारण भट्टीपुढे ट्रायपॉड उभा करायला जागाच नव्हती. आठ शीट टिपल्या. धुऊन आल्या तेव्हा आठही वाया. लोहाराचे डोळे मऊ आणि मागे टांगलेले चिमटे सुरीसारखे.

चूक माझी होती. माझा क्राउन १९५५ पूर्वीचा, बाजूला रेंजफाइंडर असलेला. हा रेंजफाइंडर एका वेळी एकाच लेन्सला जुळवलेला असतो. मी मध्ये कधीतरी १२७ मिमी काढून १३५ मिमी बसवली, अनंताची, म्हणजे फार लांबच्या वस्तूच्या फोकसची, खूण दुधी काचेवर बघून लावली, आणि रेंजफाइंडर तसाच सोडला. माझं बहुतेक काम ट्रायपॉडवरचं आणि लांबचं, त्यामुळे कधी कळलंच नाही. मागाहून हिशेब केला: दोन मीटरवरच्या माणसाला धरलं की फोकस २५ सेंमी मागे पडत होता. एफ ४.७ वर तिथे पुढची-मागची मिळून जेमतेम २० सेंमी धार मिळते. चिमटे बरोबर तिथेच टांगलेले होते. त्या माणसाने आठ वेळा आमच्यासाठी घण उचलला होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

रेंजफाइंडर नीट जुळवायला निवांत दिवस हवा होता. ताई थांबल्या नाहीत. त्यांनी न ताणणारी सुती दोरी घेतली, एक टोक लेन्सच्या चौकटीला बांधलं आणि दीड, दोन, तीन मीटरवर गाठी मारल्या. रुळाच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावली, दुधी काचेवर लूपने बघत प्रत्येक गाठीच्या अंतराला पेन्सिलची रेघ ओढली. पुन्हा गेल्या तेव्हा लोहाराने दोन मीटरची गाठ स्वतःच्या गालाशी धरली, सोडली, आणि कामाला लागला. एफ ११, फ्लॅश बाजूने. चार शीट, चारही धारदार. त्यातली तिसरी, घण डोक्याच्या वर आणि ठिणग्या अजून हवेत, ही आजवरच्या त्यांच्या कामातली मला सर्वांत आवडती फ्रेम आहे. ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला ती मिळाली नसती. प्रेस कॅमेऱ्याबद्दल माझं जे प्रेम आहे ते अशा फ्रेमसाठी आहे.

काय घेतलं

दोरीने आणखी एक गोष्ट उघड केली. टेक्निकल कॅमेऱ्यात सर्वांत नाजूक आणि महाग भाग असतो तो रेंजफाइंडर आणि त्याचे कॅम. रेंजफाइंडरला लेन्सशी जुळवणारी, प्रत्येक लेन्सच्या वळणाप्रमाणे घासलेली धातूची पट्टी म्हणजे कॅम. टेक्निका चारपर्यंत तो त्या लेन्सला आणि त्याच पेटीला मिळून घासलेला, पाचपासून फक्त लेन्सला. ताईंसाठी आम्ही एक टेक्निका चार बघायला गेलो होतो, तर कॅमवर कोरलेला लेन्सचा क्रमांक एक आणि समोरच्या लेन्सवर दुसराच. विकणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती. तो कॅमेरा घेतला असता तर माझ्या क्राउनचीच गोष्ट पुन्हा घडली असती.

साठांत नऊ फ्रेम हातातल्या, आणि त्याही दोरीने भागत असतील, तर रेंजफाइंडर कशाला? ताईंनी विस्टा ४५ घेतला, रेंजफाइंडर नसलेला. धातूची पेटी, फिरणारी पाठ, पुढे-मागे दोन्हीकडे टिल्ट, ३०० मिमीचा भाता. टेक्निकाच्या मापाचे लेन्सबोर्डही त्यावर बसतात, त्यामुळे लेन्सची निवड मोकळी. भाता तिहेरी नाही, पण ताईंना २१० मिमीपलीकडची लेन्स लागत नाही. सुपर ग्राफिक हाही एक मधला पर्याय आम्ही पाहिला होता: धातूचा प्रेस कॅमेरा, फिरती पाठ, पुढे स्विंग, म्हणजे लेन्स कडेला वळवणं, सुद्धा. समोर आलेल्या नगाचा भाता घड्यांच्या कोपऱ्यांत झिजला होता. अंधारात आत टॉर्च घातली तर चांदण्या दिसल्या. चांगला नग मिळता तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

पहिल्या महिन्यात पैसे वाचवायला त्यांनी माझीच १३५ मिमीची लेन्स विस्टावर लावली. तेव्हा मी त्यांच्या दुधी काचेचे कोपरे बघायला सांगितले. बऱ्याच काचांचे चारही कोपरे मुद्दाम कापलेले असतात. त्या फटीतून लेन्सकडे पाहायचं. ॲपर्चरचं पूर्ण भोक दिसलं तर कोपऱ्याला प्रकाश पोचतोय, बदामासारखं चिरलेलं दिसलं तर कोपरा काळा पडणार. ताईंनी राइज पाच मिमी दिला, वाकून एका कोपऱ्यातून पाहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात २१० मिमी वर्तुळाची १५० मिमी लेन्स आणली.

क्राउनचा रेंजफाइंडर मी आता १३५ ला जुळवून घेतलाय. भट्टी असेल त्या दिवशी ताई तो मागून नेतात, बाक असेल त्या दिवशी विस्टा. एका दिवशी एकच पेटी खांद्याला. मागच्या वेळी क्राउन परत आला तेव्हा ती गाठींची दोरी हँडलच्या पट्ट्यात गुंडाळलेली होती आणि तिला सव्वा मीटरवर एक नवी गाठ मारलेली होती.